पौष्टिक मका कोरडवाहू रानात कसा पारखावा

जून जवळ आला की मंडळ्यांकडून आणि तरुण संघांकडून एक विचारणा हमखास येते. सातपुड्यातल्या कुटुंबांना यंदा चांगले बियाणे घेऊन दिले तर? अलीकडे या विचारण्यात नेमकेपणाही आला आहे. ‘दुप्पट पोषण असलेला मका’ निघाला आहे असे कोणी वाचलेले असते आणि तोच का वाटू नये, असे ते विचारतात. प्रश्न मनापासूनचा असतो, पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. बियाण्याची पिशवी चुकीची निघाली तर देणाऱ्याचे पैसे जातात, घेणाऱ्याचा मात्र अख्खा हंगाम जातो. म्हणून हा मका काय आहे आणि तो वाटण्याआधी कसा पारखायचा, हे थोडे सविस्तर सांगतो.

आधी मका खातो कोण ते पाहू. मैदानी महाराष्ट्रात मका म्हणजे कोंबड्यांचे खाद्य, स्टार्चचा कारखाना किंवा पावसात भाजून खायचे कणीस. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत तसे नाही. तिथून पलीकडे मध्य प्रदेशातील अलिराजपूर आणि झाबुआ, गुजरातेतील दाहोद, राजस्थानातील बांसवाडा आणि डुंगरपूर असा भिल्ल, भिलाला, पावरा समाजांचा मोठा पट्टा आहे. या पट्ट्यात मका हे रोजचे अन्न आहे. त्याची भाकरी होते, ताकात शिजवून राबडी होते, आणि झाबुआकडे पळसाच्या पानांत थापून निखाऱ्यावर भाजलेला पानिया होतो. या भागातल्या पावसाचा आकडा कागदावर फार वाईट दिसत नाही. पण जमीन उताराची, मातीचा थर वीतभर, खाली मुरूम. पाणी पडते आणि वाहून जाते. ऑगस्टमध्ये पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला की उभे पीक माना टाकते. विहीर नाही, पाट नाही. कोरडवाहू म्हणतात ते याला.

जाता जाता एक गोष्ट. शब्बाथ दिवशी शिष्यांनी मोडून खाल्लेली कणसे मक्याची नव्हती, ती गव्हाची किंवा जवाची असणार. मका मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचला, त्यानंतरच तो बाकीच्या जगात आला. कापणीच्या सणाला वेदीपुढे मक्याची कणसे मांडताना मुलांनी विचारले तर सांगता यावे, एवढ्यासाठी हे लिहिले.

दाण्यातली उणीव

मक्यात प्रथिने कमी नसतात, दाण्याच्या वजनाच्या साधारण ९ ते १० टक्के असतात. खोट त्यांच्या प्रतीत आहे. प्रथिने लहान लहान घटकांची बनलेली असतात, त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. त्यांतली काही आपले शरीर तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. मक्यातल्या प्रथिनांचा निम्म्याहून अधिक भाग झीन नावाच्या प्रथिनाचा असतो, आणि झीनमध्ये लायसीन आणि ट्रिप्टोफॅन ही दोन आवश्यक आम्ले जवळजवळ नसतातच. भिंत बांधायला विटा भरपूर आणल्या पण चुना पिशवीभरच, तर भिंत चुना पुरेल तेवढीच उठते. वाढत्या वयाच्या मुलाचे पोट मक्याने भरले तरी अंग धरत नाही, याचे एक कारण इथे आहे.

ही उणीव जगाने फार महाग किंमत देऊन शिकली. अठराव्या शतकात स्पेन आणि इटलीतील गरीब शेतकरी जवळजवळ मक्यावरच जगू लागले आणि त्यांच्यात पेलाग्रा नावाचा रोग पसरला. कातडी काळवंडून सोलली जाई, जुलाब लागत, शेवटी बुद्धीही भ्रमिष्ट होई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने हजारो माणसे नेली. मेक्सिकोतल्या लोकांनी मात्र हजारो वर्षे मका खाऊनही हा रोग पाहिला नव्हता. ते मका चुन्याच्या पाण्यात उकळून मग वाटत, त्यामुळे दाण्यात अडकून असलेले नायसिन हे जीवनसत्त्व मोकळे होई. शिवाय त्यांच्या ताटात घेवडा असे. युरोपाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि स्वयंपाकाची रीत तिथेच ठेवली. बियाणे वाटू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी असे मला वाटते.

सुधारणा झाली कशी

१९६३च्या सुमारास अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात एडविन मर्ट्झ, ऑलिव्हर नेल्सन आणि लिन बेट्स यांच्या ध्यानात आले की मक्याच्या एका जुन्या, निस्तेज दाण्याच्या प्रकारात लायसीन आणि ट्रिप्टोफॅन नेहमीच्या जवळपास दुप्पट आहेत. या गुणाचे नाव ओपेक-२. ओपेक म्हणजे ज्यातून उजेड आरपार जात नाही असा. साधा मक्याचा दाणा उजेडात धरला तर काचेसारखा थोडा पारदर्शक दिसतो, हा दाणा खडूसारखा पांढुरका आणि ठिसूळ होता.

जगभर मोठी आशा निर्माण झाली. भारतातही १९७१ मध्ये शक्ती, रतन आणि प्रोटिना अशी तीन वाणे प्रसारित झाली. ती टिकली नाहीत. दाणा मऊ म्हणून वजन कमी भरे, उत्पन्न घटे. कणसावर बुरशी लवकर चढे, दाणा वाळायला वेळ लागे आणि साठवणीत सोंडे त्याला आधी गाठत. प्रयोगशाळेत लायसीन दुप्पट होते, पण शेतकऱ्याची कणगी अर्धी रिकामी राहणार असेल तर त्या लायसीनचे त्याने काय करावे? पुष्कळ देशांत संशोधनाचा पैसाच बंद झाला.

मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू संशोधन केंद्रात मात्र दोघांनी हे काम सोडले नाही. भारतात जन्मलेले पीक पैदासकार सुरिंदर वसल आणि मेक्सिकोच्या जीवरसायनशास्त्रज्ञ एव्हांजेलिना विलेगास. वसल शेतात झाडे निवडत, विलेगास त्यांच्या दाण्यांची प्रयोगशाळेत तपासणी करत. ओपेक-२ चा पौष्टिक गुण तसाच राखून दाणा हळूहळू कठीण करणारे इतर गुण त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून त्यात आणले. या कामाला पुष्कळ वर्षे लागली. २००० साली दोघांना मिळून जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि विलेगास हा पुरस्कार मिळालेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. या मक्याला ‘गुणवत्तापूर्ण प्रथिनयुक्त मका’ असे लांबलचक नाव आहे, बाजारात तो क्यूपीएम या आद्याक्षरांनी ओळखला जातो. आपण याला पौष्टिक मका म्हणू. तो वाणांच्या साध्या संकरातून आणि निवडीतून तयार झालेला आहे, परक्या जीवाचे जनुक त्यात घातलेले नाही. ही शंका पुष्कळांना असते, म्हणून सांगितले.

भारतात १९९७ मध्ये शक्ती-१ हे कठीण दाण्याचे संमिश्र वाण आले. २००५ मध्ये हरियाणा कृषी विद्यापीठाच्या कर्नाल केंद्राचे एचक्यूपीएम-१ हे पिवळ्या दाण्याचे संकरित वाण आले, नंतर एचक्यूपीएम-५ आणि ७ आले. २००८ मध्ये अल्मोड्याच्या संस्थेने विवेक क्यूपीएम ९ हे लवकर येणारे संकरित वाण दिले. कोरडवाहू रानासाठी नावापेक्षा ‘लवकर येणारे’ हा शब्द जास्त महत्त्वाचा, त्याकडे पुढे येतो.

खाऊन फरक पडतो का? २०१० मध्ये निलुपा गुणरत्न आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतल्या गावपातळीवरच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला. ज्या समाजात मका हेच मुख्य अन्न आहे तिथल्या, सौम्य ते मध्यम कुपोषण असलेल्या लहान मुलांत पौष्टिक मक्याने वजनवाढीचा वेग १२ टक्क्यांनी आणि उंचीवाढीचा ९ टक्क्यांनी अधिक दिसला. हा फरक मोलाचा आहे. पण अटही नीट वाचावी: मका हेच मुख्य अन्न असलेली मुले. ज्या घरात रोज डाळ, दूध किंवा अंडे आहे तिथे हा लाभ फारसा दिसणार नाही.

आणि इथेच माझे एक ठाम मत आहे. सातपुड्यातला शेतकरी मक्याच्या ओळींत तूर, उडीद, चवळी पेरतो. मक्यात जे लायसीन कमी ते डाळींत भरपूर असते. पेरणाऱ्या आजीला अमिनो आम्लाचे नाव ठाऊक नसेल, पण तिच्या शेतात आणि तिच्या ताटात ती जोडी शाबूत असते. नवे बियाणे आले, त्याबरोबर ‘फक्त मकाच पेरा, ओळीत दुसरे काही नको’ हा सल्लाही आला आणि उडीद गेला, तर पौष्टिक मका देऊन आपण त्या घराचे पोषण कमी केले असे होईल. मका द्यायचा तर उडदासकट टिकेल असा द्यावा.

शेजारचा वारा

या मक्याची एक नाजूक बाजू आहे, ती बियाण्याच्या पिशवीवर छापलेली नसते. ओपेक-२ हा दबणारा गुण आहे. आई आणि बाप दोघांकडून आला तरच तो दाण्यात उतरतो. मक्यात बाप म्हणजे तुऱ्यातून उडणारे परागकण, आणि ते वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतातूनही येतात. शेजाऱ्याच्या साध्या मक्याचा पराग आपल्या पौष्टिक मक्याच्या कणसावर पडला तर तो दाणा त्याच हंगामात साधा होतो. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर पांढऱ्या मक्याशेजारी पिवळा पेरलेले शेत पाहा, पांढऱ्या कणसात अधूनमधून पिवळे दाणे बसलेले दिसतात. शेतकऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पिवळा रंग दिसतो, साधेपणा दिसत नाही, एवढाच फरक.

प्रमाणित बियाणे तयार करताना म्हणूनच दुसऱ्या मक्यापासून २०० मीटर अंतर ठेवतात. पाड्यावर ते कसे जमावे? चार भावांची शेते बांधाला बांध लावून असतात. दुसरा उपाय पेरणी दोन-तीन आठवडे मागेपुढे करण्याचा, म्हणजे तुरे वेगवेगळ्या वेळी येतील. बागायती शेतात तो चालतो. कोरडवाहू शेतकऱ्याची पेरणीची तारीख पाऊस ठरवतो आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर सगळा पाडा दोन-चार दिवसांत पेरून मोकळा होतो. राहता राहिला तो व्यवहारी उपाय: खाण्यासाठी पेरायचे तर तुकडा लांबट न ठेवता चौकोनी आणि मोठा ठेवावा, कारण पराग सर्वांत जास्त कडेच्या ओळींवर पडतो. बियाण्यासाठी कणसे फक्त मधल्या भागातून निवडावीत. संपूर्ण पाड्याने एकच वाण पेरायचे ठरवले तर प्रश्नच उरत नाही. पण त्यासाठी आधी पाड्याला ते वाण पटायला हवे.

बियाणे संकरित असेल तर दर वर्षी नवे विकत घ्यावे लागते. घरचे दाणे पेरले तर पुढच्या पिढीत झाडे उंच-ठेंगणी येतात आणि उत्पन्न घसरते. संमिश्र वाणाचे बियाणे नीट निवडून तीन-चार वर्षे घरचे वापरता येते. म्हणून संकरित बियाणे एका वर्षी फुकट वाटणे ही मदत अर्धीच आहे. दुसऱ्या जूनमध्ये त्या कुटुंबाने काय पेरावे, याचे उत्तर तयार असेल तरच पहिली पिशवी द्यावी. आणि त्या पहिल्या वर्षी घरचे जुने पांढरे बियाणे पेरलेच गेले नाही, तर ते संपते. मक्याच्या बियाण्याची उगवण साध्या साठवणीत फार काळ टिकत नाही.

खंड पडला की काय होते

मका दुष्काळात केव्हा मार खातो हे समजले की पारख निम्मी झाली. रोप लहान असताना पाण्याचा ताण बसला तर ते सावरते. दाणे भरल्यानंतर बसला तर दाणा थोडा बारीक राहतो. पण तुरा बाहेर पडताना आणि कणसाला केस फुटताना, त्या साधारण दोन आठवड्यांत ताण बसला तर पीकच जाते. तुरा वरच्या टोकाला असतो, तो वेळेवर येऊन पराग सांडून मोकळा होतो. कणीस मात्र पाण्याअभावी मागे पडते आणि केस उशिरा बाहेर येतात. तोवर पराग संपलेला असतो. अशी कणसे सोलून पाहिली तर बुडाशी दहा-वीस दाणे आणि वर नुसते बोडके कणीस.

मेक्सिकोच्या त्याच केंद्रात दुष्काळ सोसणारी वाणे निवडताना नेमकी हीच खूण वापरली गेली: तुरा आणि केस यांच्यात किती दिवसांचे अंतर पडते. ही खूण मोजायला यंत्र लागत नाही. तुकड्यातल्या निम्म्या झाडांच्या तुऱ्यातून पराग झडू लागला ती तारीख लिहायची, निम्म्या झाडांना केस दिसले ती तारीख लिहायची. खंड पडूनही अंतर दोन-तीन दिवसांचे राहिले तर वाण कामाचे आहे. आठवड्यावर गेले तर कितीही पौष्टिक असो, त्या रानाचे नाही. शाळेत जाणारे मूल हे काम उत्तम करते.

लवकर येणाऱ्या वाणाचे महत्त्वही इथेच आहे. पाऊस सप्टेंबरात आवरता घेतो. उथळ जमिनीत ८०-८५ दिवसांत हाती येणारा मका बहुधा सुटतो, शंभर दिवसांचा सापडतो. शिवाय जुना साठा संपलेला आणि नवे पीक उभे असे पावसाळ्यातले जे उपासाचे आठवडे असतात, त्यांत पंधरा दिवस आधी आलेले कणीस म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. उशिरा येणारे वाण सहसा जास्त पिकते. पण ते पाण्याची सोय असलेल्या रानात, आणि जाहिरातीतले आकडे पुष्कळदा तिथलेच असतात.

पारख शेतात

एकराला मक्याचे बियाणे सुमारे ८ किलो लागते. पारखण्यासाठी पाच मीटर लांबीच्या चार ओळी पुरेत. ओळींत ६० सेंटिमीटर, झाडांत २० सेंटिमीटर अंतर, प्रत्येक ठिकाणी दोन दाणे टाकून नंतर एक रोप ठेवायचे. याला जेमतेम २०० दाणे, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास बियाणे लागते. म्हणजे एका एकराच्या बियाण्यात शंभराहून जास्त शेतांत पारख होऊ शकते. बियाण्यासाठी देणगी देणाऱ्यांनी हा हिशोब जरूर करून पाहावा.

आफ्रिकेतील मलावी देशात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सिग्लिंडे स्नॅप या शास्त्रज्ञ स्त्रीने एक सोपी पद्धत रूढ केली, तिला आई-बाळ चाचणी म्हणतात. गावात एका मध्यवर्ती जागी सगळी वाणे शेजारी शेजारी लावायची, ही ‘आई’. मग प्रत्येक शेतकऱ्याने त्यातली दोन-तीनच वाणे आपल्या शेतात, आपल्या पद्धतीने लावायची, ही ‘बाळे’. आईपाशी नीट मोजमाप होते, बाळांपाशी खरी परिस्थिती कळते. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या भागात मक्याची वाणे पारखायला ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. आपल्या पाड्यांना ती चपखल बसते.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्या लागतात. घरचे जुने बियाणे प्रत्येक ठिकाणी नव्याच्या शेजारी हवेच, नाही तर तुलना कशाशी करणार? नव्या वाणाला युरिया आणि घरच्याला काही नाही, असे प्रात्यक्षिक फुकट असते. त्यात पारख होते ती युरियाची. असे फलक लावलेले तुकडे रस्त्याकडेला पुष्कळ दिसतात. दोघांनाही सारखेच शेणखत, सारखीच निंदणी. उताराच्या रानात खालच्या अंगाला माती खोल आणि ओल जास्त असते, म्हणून वाणे वरपासून खालपर्यंत न लावता एकाच पातळीवर आडवी लावावीत, आणि तीच रचना वर आणखी दोन ठिकाणी क्रम बदलून करावी. लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात आली, तेव्हापासून पोंग्यात किती झाडांना ती लागली हेही मोजणे भाग आहे.

कापणीला कडेच्या ओळी सोडून मधल्या दोनच ओळी मोजायच्या. त्यांचे क्षेत्र सहा चौरस मीटर भरते. आधी झाडे मोजावीत: पन्नास हवीत, तीसच उरली असतील तर कमी उत्पन्न वाणामुळे की रानडुकरामुळे, हे लिहून ठेवावे. कणसे सारखी वाळवून, सोलून, दाणे तोलावेत. समजा दीड किलो भरले. म्हणजे चौरस मीटरला पाव किलो, आणि एकराचे साधारण चार हजार चौरस मीटर धरले तर दहा क्विंटल. एवढे गणित दहावीचे मूल करते. पण एका चांगल्या पावसाच्या वर्षावरून निर्णय करू नये. किमान दोन हंगाम पाहावेत, आणि त्यांतला एक वाईट गेला तर उपयोगच झाला असे समजावे.

दाणा पौष्टिकच आहे ना, याची प्राथमिक तपासणी लाकडी पेटी, वर काच आणि आत दिवा एवढ्या साहित्यात होते. काचेवर दाणे पसरायचे. साध्या दाण्यातून उजेड आरपार दिसतो, पौष्टिक दाण्याचा काही भाग अंधारा राहतो. ही तपासणी फक्त संशय घेण्यापुरती आहे. चांगला कठीण झालेला पौष्टिक दाणा साध्यासारखाच दिसू शकतो, तेव्हा शेवटची खात्री प्रयोगशाळेत ट्रिप्टोफॅन मोजूनच होते.

पारख चुलीशी

शेतातली पारख पुरुष करतात आणि तिथेच थांबतात. दळणे, मळणे, थापणे हे ज्यांच्या हाती, त्यांना विचारलेच जात नाही. पिठाला पाणी किती लागते, भाकरी थापताना कडा फुटतात का, संध्याकाळी गार झालेली भाकरी सकाळी चावते का, हे वजनकाट्यावर दिसत नाही. या पट्ट्यात अनेक घरांना भाकरीसाठी पांढराच मका लागतो. पिवळ्या दाण्यात अ जीवनसत्त्वाला उपयोगी द्रव्य असते हे खरे, पण पिवळी भाकरी नको असेल तर तो मका बाजारात विकला जाईल आणि मुलाच्या पोटात जायचाच नाही. म्हणून दोन-तीन वाणांचे पीठ सारख्या पिशव्यांत भरावे, ओळखीला निरनिराळ्या रंगाचा दोरा बांधावा, नाव कोणालाच सांगू नये, आणि पाच-सहा घरच्या बायांना भाकरी करून पाहायला द्यावी. पाहुणा समोर असला की सगळेच गोड लागते, तेव्हा दोऱ्याचा रंगच विचारावा. गुरांसमोर चारा टाकून कोणत्या वाणाची ताटे आधी संपतात, हेही पाहावे.

विशेष मक्याचे बाकीचे प्रकार थोडक्यात. मधुमका तोडल्यावर त्यातली साखर झपाट्याने पिठूळ होते, त्यामुळे रस्ता आणि गिऱ्हाईक जवळ नसेल तर त्याच्या नादी लागू नये. बेबी कॉर्नचे कणीस पराग पडण्याआधीच, केस फुटल्यावर एक ते तीन दिवसांत तोडतात. दाणे भरण्याची वाट पाहायची नसल्याने खंडाचा धोका कमी आणि हिरवा चारा शिल्लक राहतो, पण रोजची तोडणी आणि ठरलेला खरेदीदार लागतो. लाह्यांचा मका टिकतो, नीट वाळवला तर महिनोन्‌महिने विकता येतो. त्याची पारख सोपी: शंभर दाणे भाजून किती फुटले ते मोजा. हे तिन्ही पैशासाठीचे मके आहेत. घरच्या कणगीची जागा त्यांना देऊ नये.

शेवटची पारख होळीच्या सुमाराला करायची. सातपुड्यात तेव्हा भोंगऱ्याचे बाजार भरलेले असतात आणि कणगीतला मका चार-पाच महिन्यांचा झालेला असतो. कणसावरची पाने टोकापर्यंत घट्ट मिटलेली असतील तर सोंडे शेतातूनच घरात येत नाहीत. पाने आखूड असतील तर कणगीत भरतानाच कीड बरोबर आलेली असते. प्रत्येक वाणाचे शंभर दाणे उचलून त्यांत पोखरलेले किती ते मोजावे आणि वहीत लिहावे. मग घरातल्या बाईला विचारावे, पुढच्या जूनसाठी बियाण्याची कणसे कोणती बाजूला काढली आहेत. ती बहुधा चुलीवरच्या धुरात आढ्याला टांगलेली असतात. त्यांत नव्या वाणाची किती आणि घरच्या पांढऱ्याची किती, तेही मोजून त्याच पानावर लिहावे.